गिअरबॉक्स परत उतरवू का?

प्रश्न: अण्णा, सप्रेम नमस्कार. वडिलांनी हौसेने मुंबईहून आणलेली 1969 ची एमजीबी आमच्याकडे आहे. वरून उघडी, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ते गेल्यावर बरीच वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. यंदा बाहेर काढली. इंजिन थोडक्यात निभावलं, गिअरबॉक्स मात्र गेलेला होता, म्हणून मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपकडून बांधून आणला. नव्या सिंक्रो रिंगा, बेअरिंगं, ले शाफ्ट, क्लच प्लेट असं सगळं बिलात आहे. बिलाचा आकडा घरी सांगितलेला नाही. गाडी चाळीसगावला आल्यापासून चार तक्रारी आहेत. सकाळी पहिल्यांदा काढली की दुसरा गिअर करकरतो, पाच-सात किलोमीटर गेल्यावर गुमान पडतो. गाडी तापल्यावर उभ्या गाडीत रिव्हर्स टाकला की दात वाजतात. सकाळी वाजत नाहीत. पहिल्या तीन गिअरांत घूंऽऽ असा आवाज आहे, चौथ्यात एकदम शांत. आणि कन्नड घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येतो. वर्कशॉपवाले म्हणतात, गाडी ट्रकवर घालून पाठवा. इथला मिस्त्री म्हणतो, "खोलनं पडी भाऊ." काय करू?
ता. क. रिव्हर्समध्ये मागे जाताना कुंईऽऽ असं वाजतं, तोही दोषच का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर: भाऊ, आधी उत्तर देतो, मग कारणं. आत्ता उतरवू नका. चारही तक्रारींचं मूळ त्या एका डब्यात आहे असं तुमचा मिस्त्री धरून चाललाय आणि तुम्हालाही त्याने ते पटवलंय. माझ्या अंदाजाने एक तक्रार तेलाची आहे, एक क्लचची, एक खरोखर बॉक्सच्या आतली, आणि चौथीचं बाहेरून तपासल्याशिवाय काही सांगता यायचं नाही.

एवढा आग्रह धरतोय त्याला कारण आहे. बहुतेक गाड्यांचा गिअरबॉक्स दोन माणसं खालून सोडवून घेतात. एमजीबीत ती सोय नाही. बॉक्स एकटा टनेलमधून (दोन सीटच्या मधल्या उंचवट्याखालून) निघत नाही, इंजिन आणि बॉक्स जोडीनेच वर काढावे लागतात. म्हणजे बॉनेट, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, प्रोपेलर शाफ्ट सगळं सुटणार, चेन ब्लॉक लागणार, आणि परत बसवताना तितकीच झटापट. एवढं करून वर आलेला बॉक्स निर्दोष निघाला आणि खोट पेडलच्या पिनेत होती असं झालं, तर मजुरी कोणाच्या डोक्यावर? तुमच्याच.

आणखी एक. तुमचं इंजिन म्हणजे आपल्या ॲम्बॅसॅडरच्या 1489 सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीजमधली, तुमचं 1798 सीसीचं. त्यामुळे धुळे-जळगावकडचा कुठलाही जुना मिस्त्री त्या इंजिनाला बिनधास्त हात घालेल, आणि घालू द्या. पण बॉक्स वेगळा आहे, आणि तिथे हाताच्या सवयी नडतात. कोणत्या, ते पुढे येईलच.

आधी बॉक्स कोणता आहे याची खात्री करून घ्या. 1967 च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रो (वेग जुळवून गिअर न वाजता पडू देणारी रिंग) नव्हता, नंतरच्या बॉक्समध्ये चारही गिअरांना आला. दोन्हींचे आतले पार्ट वेगळे. तुमची गाडी 1969 ची म्हणजे चार सिंक्रोचा बॉक्स असायला हवा, पण इतक्या वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. गाडी अगदी सावकाश, माणूस झपाझप चालतो त्या वेगाने सरकत असताना पहिला टाकून बघा. न वाजता पडला तर चार सिंक्रोचा. मग बिलातले पार्ट नंबर त्याच बॉक्सचे आहेत का ते पार्ट्सच्या कॅटलॉगशी ताडून पाहा. एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे पार्ट आजही नवे मिळतात. मिळतात म्हणूनच चुकीचेही मिळतात.

आता कामाचं. तेल बदलणं सोपं, म्हणून तेलापासून सुरू करावंसं वाटेल. तसं करू नका, क्लचपासून सुरू करा.

रिव्हर्सला सिंक्रो नसतो. उभ्या गाडीत तो वाजतो याचा अर्थ एवढाच की क्लच दाबलेला असूनही आतले गिअर फिरतायत. एक तर तुम्ही क्लच दाबल्या दाबल्या गिअर ओढता, नाही तर क्लच पुरता सुटत नाही. गाडी चांगली तापवा, सपाट जागी उभी करा, न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबा, सावकाश दहा अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. न वाजता पडला तर दोष काही नाही, घाई तुमची. अशा वेळी आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाकायची सवय लावा. पहिल्याचा सिंक्रो फिरता शाफ्ट थांबवून देतो. दहा मोजूनही वाजला तर क्लच ओढतोय, म्हणजे दाबूनही पुरता सुटत नाही. इंजिन बंद करून सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात असं असेल तर शंकाच नको.

माझी पैज क्लच ओढतोय यावर आहे, कारण वर्कशॉपच्या बिलात क्लच प्लेट दिसते, पण मास्टर सिलिंडर (पेडलकडचा), स्लेव्ह सिलिंडर (क्लचकडचा), दोघांमधला होजपाइप यातलं काहीच दिसत नाही. म्हणजे इतकी वर्षं शेडमध्ये सुकलेले रबर अजून तसेच आहेत.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे मी कोणालाही सांगतो, तुम्हालाही. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या) बाजूला स्लेव्ह सिलिंडर दिसेल, त्याचा रॉड क्लचच्या फोर्कला ढकलतो. घरातल्या कोणाला तरी सीटवर बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि स्टीलची पट्टी लावून रॉड किती सरकतो ते मोजा. चार सूत पाहिजे, म्हणजे अर्धा इंच. तीन सूतच भरला तर रिव्हर्स का वाजतो ते तिथेच कळलं.

कमी भरला तर पेडल दोन-तीनदा भराभर मारून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर लायनीत हवा आहे किंवा मास्टरचे वायसर गेलेत. एअर काढा, तेवढ्याने भागलं नाही तर दोन्ही सिलिंडरांचे किट टाका. पेडल दाबलेलं असताना रबरी होज मुठीत धरा. हाताखाली फुगत असेल तर तोही गेला. फ्लुइड डॉट 3 किंवा 4 चालेल, बॉडीवर मात्र सांडू देऊ नका. रंग सोलवटून काढतो.

पंप मारूनही आकडा हलत नसेल तर पेडलच्या वरच्या टोकाला मास्टरचा रॉड जिथे जोडलाय ती पिन काढून बघा. ही पिन मी जेव्हा जेव्हा जुन्या एमजीबीतून काढली तेव्हा ती सरळ निघालेली आठवत नाही. मधोमध कंबर बारीक झालेली असते, नख फिरवलं की पायरी लागते, आणि पेडलचं भोक गोल न राहता अंड्यासारखं लांबट झालेलं असतं. पेडलचा सुरुवातीचा सगळा प्रवास ती ढील भरून काढण्यातच जातो. तशीच पिन खाली फोर्कलाही आहे. नवी पिन दहा मिनिटांचं काम. भोक मात्र भरून, पुन्हा ड्रिल करून घ्यावं लागेल. जळगावच्या एमआयडीसीत लेथवाले आहेत, किंवा भुसावळकडचा रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा फिटर गाठा. ही माणसं अंदाजपंचे काम करत नाहीत.

कोणी म्हणेल, रॉडला तुकडा वेल्ड करून लांब करू. नाही म्हणा. या स्लेव्हला ॲडजस्टमेंट नाही, पिस्टन आपली जागा आपण धरतो. रॉड लांब केला की पिस्टन तेवढा मागे सरकून बसतो, ट्रॅव्हल एक रेघही वाढत नाही.

चार सूत पूर्ण भरला आणि तरी दहा मोजून रिव्हर्स वाजला, तर मात्र दोष आत आहे. क्लच प्लेट उलटी बसली असेल, किंवा क्रँकच्या टोकातला पायलट बुश क्लच शाफ्टला (इंजिनचा जोर बॉक्समध्ये नेणाऱ्या शाफ्टला) धरत असेल. तो बुश सच्छिद्र कांस्याचा असतो, बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवायचा असतो. डब्यातून काढून कोरडाच ठोकला तर शाफ्टला पकडतो. वर्कशॉपला फोन करून विचारा: बुश बदलला का, भिजवला होता का? उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरूनही बरंच कळतं.

क्लचचं मिटलं की तेल. आपल्याकडे गिअरबॉक्स म्हटलं की हात आपोआप नव्वद नंबरच्या जाड गिअर ऑइलच्या डब्याकडे जातो. ट्रॅक्टर झाला, मॅटाडोर झाली, तिथे ठीक. एमजीबीच्या बॉक्ससाठी कंपनीने इंजिनचंच तेल सांगितलं आहे, 20डब्ल्यू-50. तुमच्या वर्कशॉपने काय ओतलं ते पत्रात नाही, पण "सकाळी करकर, नंतर गुमान" हे लक्षण नव्वद नंबरचं आहे. सिंक्रो रिंग म्हणजे पितळी कोनावरचा छोटा ब्रेक. रिंगेच्या आतल्या बारीक आट्यांनी तेलाचा थर कापला तरच ती गिअरला पकडते. तेल जाड आणि गार असलं की थर वेळेत कापला जात नाही, रिंग घसरते आणि दात दातावर जातात. तेल तापून पातळ झालं की रिंग आपलं काम करते. त्यात ते तेल जीएल-5 दर्जाचं असेल तर आणखी वाईट: क्राउन-पिनियनसाठी (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांसाठी) बनवलेलं ते तेल सिंक्रोला जास्त निसरडं, आणि त्यातली गंधकाची रसायनं पितळेला मानवत नाहीत. ओव्हरड्राइव्ह (चौथ्याच्याही वरचा जादा गिअर) असेल तर तोही याच तेलावर चालतो, त्यालाही हे सोसत नाही.

आता क्लच आधी का, ते. जाड गार तेल फिरत्या शाफ्टलाही ब्रेक लावतं. म्हणूनच तुमचा रिव्हर्स सकाळी वाजत नाही आणि तापल्यावर वाजतो. क्लचचा दोष सकाळीही असतोच, तेल तो झाकून ठेवतं. तुम्ही आधी तेल बदललं असतं तर दुसऱ्या दिवसापासून रिव्हर्स सकाळीही वाजला असता, आणि मिस्त्रीने छातीठोकपणे सांगितलं असतं की पातळ तेलाने बॉक्स खाल्ला. मग पुन्हा नव्वद नंबर आला असता. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं, काय फरक पडला ते वहीत लिहा.

तेल काढताना गाडी फिरवून आणा आणि गरम असतानाच प्लग खोला. तेल डब्यात पडू देऊ नका, स्टीलच्या परातीत घ्या आणि परात उन्हात धरा. सोनेरी भुकटीची झाक फिरत असेल तर घाबरायचं कारण नाही, नव्या पितळी रिंगा बसताना तेवढ्या झिजतात. मग चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक तेलातून फिरवा. चिंधीवर मऊ काळी साय आली तर चालेल. बोटाला टोचणारी कुसळं आली, किंवा खवल्यासारखा पापुद्रा आला, तर पुढचे परिच्छेद नीट वाचा, कारण तो पोलाद आहे आणि पोलाद फुकट झडत नाही. निघालेलं कागदाच्या पुडीत बांधून तारीख घालून ठेवा. वर्कशॉपशी बोलताना हाच तुमचा पुरावा.

नवं तेल साधारण 3 लिटर बसतं, ओव्हरड्राइव्ह असेल तर थोडं जास्त. कार्पेट उचललं की टनेलवर रबरी बूच दिसेल, त्याखाली डिपस्टिक. लिटरवर जाऊ नका, डिपस्टिकवर जा. जास्त भरलं तर मागच्या सीलमधून बाहेर येतं आणि लोक सील बदलत बसतात.

आता घूं. ही तक्रार मला खरी वाटते. चौथ्या गिअरमध्ये क्लच शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात. ले शाफ्टवरचा (त्यांना समांतर बसलेल्या शाफ्टवरचा) गिअरांचा जोड फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. पहिल्या तीन गिअरांत सगळा जोर त्याच्यातून जातो. तेव्हा तीन गिअरांत आवाज आणि चौथ्यात शांतता म्हणजे बोट ले शाफ्टकडेच जातं. एकाच गिअरमध्ये आवाज असता तर त्या गिअरची जोडी पाहिली असती. सगळ्या गिअरांत, आणि न्यूट्रलवर गडगडतानाही असता तर मागचं बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट किंवा क्राउन.

पण आवाजाची जात ओळखा. बॉक्स बांधून आल्याच्या पहिल्या दिवसापासून एकसुरी, वेगाबरोबर चढणारा सूर असेल तर बहुधा नवा गिअर जुन्या गिअरशी लावलाय. वर्षानुवर्षं एकमेकांत घासून जुळलेले दात वेगळे केले की ते असे गातात. कानाला त्रास, गाडीला लगेच धोका नाही. उलट घरघर असेल, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर खडखडी कळत असेल, आणि आठवड्याला वाढत असेल, तर बेअरिंग किंवा शाफ्टचा पृष्ठभाग उडतोय. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल: क्लच सोडला की घरघर आणि दाबला की गायब असेल तर खोट आतच, क्लच शाफ्टच्या किंवा ले शाफ्टच्या बेअरिंगात. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर ते रिलीज बेअरिंग, आणि या गाडीत ते कार्बनचं असतं, हेही मिस्त्रीला सांगून ठेवा.

वर्कशॉपला एक प्रश्न लेखी विचारा: ले शाफ्ट बदलला तेव्हा त्यावर फिरणारा ले गिअर बदलला का? शाफ्ट आणि नीडल रोलर नवे आणि ले गिअरचं आतलं भोक जुनं, खड्डे पडलेलं, असा जोड बरेच जण करतात, कारण शाफ्ट स्वस्त आणि ले गिअर महाग. तो खडबडीत भाग नवे रोलर आणि नवा शाफ्ट खाऊन टाकतो. ले गिअरचा एंड-फ्लोट (मागे-पुढे सरकायची ढील) किती ठेवला तेही विचारा. उत्तर दोन ते तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) असं आलं पाहिजे. "बरोबर ठेवलाय" हे उत्तर नव्हे. जुने पार्ट परत मागितले होते का? नसतील तर आता मागा.

राहिला घाट. घाटात तिसरा सुटणं ही चारांतली एकमेव तक्रार आहे जी तुमच्या जिवावर बेतू शकते. कन्नड घाटाच्या वळणावर पुढे उसाचा ट्रक आणि तुमचा गिअर न्यूट्रलला, म्हणजे सगळा भार ब्रेकवर. हे मिटेपर्यंत ही गाडी घाटात न्यायची नाही. नेणं भागच असेल तर वरूनच दुसऱ्यात उतरायचं. गिअर हाताने दाबून धरून उतरणारे मी पाहिलेत. त्याने आतला, गिअर सरकवणारा सिलेक्टर फोर्क घासतो आणि एका दोषाचे दोन होतात.

चाचणीला घाट लागतही नाही. सकाळी धुळे रोडला मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसऱ्यात 40-50 च्या वेगाला एक्सलरेटर दाबा, सोडा, दाबा, सोडा. सोडल्यावर दातांवरचा भार उलटा होतो आणि गिअर बाहेर यायला बघतो. गिअरचा दांडा बघत राहायला शेजारी कोणाला तरी बसवा, तुम्ही रस्ता बघा. दांडा सुटण्याआधी मागे-पुढे नाचतो का? मग दांड्याभोवतालचं कार्पेट, रबरी बूट, कव्हर सगळं काढून ठेवा आणि हीच चाचणी पुन्हा करा. जाड नवं कार्पेट किंवा कडक नवा बूट तिसऱ्यातला दांडा पुरता पुढे जाऊ देत नाही, गिअर अर्धाच पडतो आणि संधी मिळताच सुटतो. तुम्ही गाडीचं इंटिरियरही नवं केलंय, पत्राबरोबरच्या फोटोत दिसतंय. त्यानंतर बॉक्सखालच्या क्रॉसमेंबरचे रबर आणि इंजिनचे माउंटिंग बघा. रबर गळाले असतील तर एक्सलरेटर सोडताच अख्खं धूड हलतं आणि दांडा टनेलला टेकतो.

एवढं करूनही सुटत असेल तर आतलं: गिअर जागी धरणारी बॉल-स्प्रिंग कमजोर, सिलेक्टर फोर्क नीट न बसवलेला, दात गोलटलेले किंवा मेन शाफ्टवर ढील जास्त. मग तुमची घूं आणि हा सुटणारा तिसरा, दोन्हींसाठी एकदाच उतरवा, वर्कशॉपच्या खर्चाने उतरवण्याचा आग्रह धरा, आणि उतरवलाच आहे तर पायलट बुश, रिलीज बेअरिंग, क्लचच्या फोर्कचा बुश आणि मागचं सील त्याच वेळी बदलून घ्या. ट्रकवर चढवण्याआधी चार सुताचं माप, परातीतल्या तेलाचा फोटो आणि ती पुडी गाडीबरोबर पाठवा. नुसतं "आवाज येतो" म्हणून पाठवलेली गाडी बहुधा "ऑइल बदललं" एवढं लिहून परत येते.

ता. क.चं उत्तर: रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, बाकीच्यांसारखे तिरपे नाहीत. त्यामुळे तो कुंईऽऽ करणारच, कारखान्यातून आला तेव्हाही करत होता.